साठीनंतर सरसकट सगळ्यांची स्मरणशक्ती तपासावी का?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, डोंबिवलीत भावाकडे असते. दर दिवाळीनंतर आम्ही तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतो. या वेळी ज्येष्ठ नागरिकांच्या पॅकेजमध्ये साखर, थायरॉइड, ईसीजीच्या जोडीला 'मेमरी स्क्रीनिंग' आलंय. दहा-पंधरा मिनिटांची प्रश्नोत्तरं आणि ३० पैकी गुण. भाऊ म्हणतो, पॅकेजमध्ये आहेच तर करून घेऊ. आई मात्र हे कळल्यापासून घुश्शात आहे. "मला काय म्हातारचळ लागलाय? दूधवाल्याचा हिशोब कोण ठेवतं या घरात?"

तिला आत्ता तरी काही त्रास नाही. चष्मा कुठे ठेवला ते विसरते, पण ते मीही विसरते. मात्र आईच्या आईला शेवटची काही वर्षं डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता आणि तेव्हा आमच्या घरात कुणाला तो शब्दही माहीत नव्हता. आजी चिडते, आजी संशय घेते, एवढंच आम्ही बोलायचो. म्हणून मन द्विधा आहे. काही तक्रार नसताना ही चाचणी करावी का? तुमच्यापैकी कुणाच्या घरी केली असेल तर पुढे काय झालं?

अश्विन_क
करून टाका हो. तक्रार नसताना बीपी बघतोच ना आपण?

सह्यकडा
अश्विन, बीपी जास्त निघालं तर गोळी आहे आणि त्या गोळीने अर्धांगवायू टळतो. इथे ३० पैकी २२ आले तर पुढे काय करायचं, हे पॅकेज विकणारा सांगणार आहे का? कागद हातात देऊन घरी पाठवतील आणि काकू रात्रभर जाग्या राहतील. माझं मत स्पष्ट आहे: करू नका.

कुंदा_नाशिक
विषय महत्त्वाचा. वाचनखूण साठवली, वाचते आहे.

डॉ_निशिगंध
मी सांगलीत फिजिशियन आहे, ओपीडीत अर्ध्याहून जास्त पेशंट साठीपुढचे. थोडं सविस्तर लिहितो.

दोन गोष्टी वेगळ्या करूया. तक्रार नसलेल्या सगळ्यांना एका चाळणीतून काढणं ही एक. घरच्यांना किंवा स्वतःला काही बदल जाणवल्यावर तपासणं ही दुसरी. दुसरीबद्दल माझ्या माहितीत कुणा जाणत्याचं दुमत नाही: तपासा, वेळ घालवू नका. वाद आहे तो पहिलीबद्दल. प्रतिबंधक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये आणि परत २०२० मध्ये सांगितलं, की अशा सरसकट चाळणीचा फायदा जास्त की तोटा, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ब्रिटनची समिती तर सरळ 'करू नका' म्हणते.

इंडियाना राज्यात याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला. ६५ आणि त्यापुढचे ४००० हून जास्त लोक, दोन गट, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. एका गटाची चाचणी केली, दुसऱ्याची नाही. २०२० मध्ये निष्कर्ष आले. चाचणी झालेल्यांचं जगणं काही सुधारलं नाही, पण त्यांच्यात नैराश्य किंवा चिंताही वाढली नाही. सह्यकडा, तुमच्या 'रात्रभर जाग्या राहतील'ला हे उत्तर. माझ्या दृष्टीने कळीचा भाग पुढे आहे: ज्यांची चाचणी संशयास्पद आली त्यांच्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांनी पुढची तपासणीच नाकारली. मग ती चाचणी करून मिळवलं काय?

आता गुणांबद्दल. एमएमएसई ही १९७५ ची चाचणी, मोका २००५ ची. दोन्ही ३० गुणांच्या. पहिलीत २४ च्या खाली किंवा दुसरीत २६ च्या खाली आले की त्याचा अर्थ 'नीट तपासा' इतकाच. निदान नव्हे. निदानासाठी घरच्या माणसाशी सविस्तर बोलावं लागतं, बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघावं लागतं, नैराश्य आहे का ते बघावं लागतं, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन. आपल्या शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास सापडते. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या काही गोळ्यांनीही म्हातारी माणसं गोंधळतात. डोक्याला साधा मार लागून काही आठवड्यांनी आत रक्त साठलेलं सापडतं. यातलं बरंच काही दुरुस्त होतं, आणि दुरुस्त होणारं काही शोधायचं असेल तर गुणांच्या कागदापाशी थांबून चालत नाही.

टेकडीवरचा
डॉक्टर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी कॅलिफोर्नियात असतो. इथे मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, वार्षिक भेटीत २०११ पासून स्मृतीकडे लक्ष देणं हा तपासणीचा भागच आहे. माझ्या सासऱ्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली, मग ते तीन शब्द परत विचारले. तीन-चार मिनिटांचं काम. अण्णांना एकही शब्द आठवला नाही, आणि आम्हाला घरात कुणाला काही जाणवलेलं नव्हतं, कारण सासूबाई सगळं सांभाळून घेत होत्या. वाक्य त्यांनी सुरू करायचं आणि सासूबाईंनी पुरं करायचं, हे आम्हाला प्रेमळ वाटायचं. पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे मोका झाली. आम्ही मराठी भाषांतराचा आग्रह धरला आणि ते मिळालं. परदेशातल्या सगळ्यांना सांगतो, आईवडिलांना इंग्रजीत परीक्षा द्यायला लावू नका, मागितलं की मिळतं.

सरसकट तपासलं नसतं तर अण्णा अजून गाडी चालवत असते. इथे डिमेन्शियाचं निदान झालं की डॉक्टरने तसं कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. लायसन्स गेलं. वाईट वाटलं, पण ज्या रस्त्यांवर ते गाडी घालत होते ते आठवलं की आजही छातीत धडधडतं.

डॉ_निशिगंध
तुमचा अनुभव खरा आहे आणि महत्त्वाचाही. जोडीदार सावरून घेत असला की घरच्यांना कळत नाही, हे मी अनेकदा पाहतो. म्हणून पेशंट आजोबा असतील तर मी आजींना दोन मिनिटं बाहेर बसायची विनंती करतो, आणि नंतर आजींशी वेगळं बोलतो.

धुकं
लीड्सहून. सह्यकडांच्या पॅकेजच्या मुद्द्यावरून आठवलं. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना डिमेन्शियाच्या प्रत्येक वाढीव निदानामागे ५५ पौंड द्यायची योजना निघाली होती. लोक भडकले, डॉक्टरांच्याच संघटनांतून विरोध झाला आणि २०१५ च्या मार्चनंतर ती चालू ठेवली नाही. हेतू वाईट नव्हता, निदानाशिवाय राहिलेले लोक खरोखर खूप होते. पण डॉक्टर मला तपासतोय तो माझ्यासाठी की पैशासाठी, ही शंका एकदा आली की म्हातारं माणूस दवाखान्यात मन मोकळं करत नाही. पॅकेजबद्दल मला हीच काळजी वाटते.

शिरीषकुमार_वाई
आमच्या वडिलांना विचारलं, "पंतप्रधान कोण?" वडील म्हणाले, "आधी तुम्ही कुणाला मत दिलंत ते सांगा, मग नाव घेतो, उगाच भांडण नको." डॉक्टर इतके हसले की पुढचे प्रश्न विचारायला त्यांना पाणी प्यावं लागलं. वडिलांना २९ पडले. एक गुण कशात गेला ते अजून रोज विचारतात.

कुंदा_नाशिक
शिरीष, वडिलांना नमस्कार सांगा! 😄

काजवा
इथे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच.

बाबा आयुष्यभर हिशोबनीस. पहिली खूण आकड्यांतच दिसली. पेपरवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. मग चेक परत यायला लागले, सही जुळेना. तेव्हाच्या आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, वय झालं, चालायचंच. नातेवाईक म्हणाले, साठी बुद्धी नाठी. दीड-दोन वर्षं अशी गेली. त्या काळात बाबांनी एक मुदतठेव मोडून कुणाला तरी पैसे दिले, कुणाला ते त्यांनाही सांगता येत नाही. शेवटी दुसऱ्या शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं तेव्हा आजार मध्यम टप्प्यात होता.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? बाबांना स्वतःला कळत होतं. निदानानंतर त्यांच्या टेबलाच्या खणात एक वही सापडली. तिच्यात आमची सगळ्यांची नावं, नाती आणि फोन नंबर पुन्हा पुन्हा लिहून काढलेले होते. ते एकटे त्या भीतीशी झगडत होते, आणि आम्ही बाहेर म्हणत होतो की हल्ली चिडचिड करतात. कुणीतरी वेळेवर तीन शब्द विचारले असते तर त्यांना ते आमच्याशी बोलता आलं असतं. त्यामुळे 'निदान करून काय उपयोग, औषध थोडंच आहे' हे वाक्य मला सहन होत नाही.

सह्यकडा
काजवा, वाचून हललो. पण तुमच्या घरी खुणा दिसत होत्या, डॉक्टरांच्या भाषेत तो दुसरा प्रकार झाला. तिथे तपासायलाच हवं, यात वाद नाही. ज्यांनी 'चालायचंच' म्हटलं त्यांचा मलाही राग आला.

कायदेकानू
काजवांच्या मुदतठेवीवरून. निदान लवकर होण्याचा एक उपयोग डॉक्टर मंडळी सांगत नाहीत, तो मी सांगतो. आपल्याकडे लोक समजतात की मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी निरुपयोगी. इंग्लंडमध्ये अशा वेळी टिकणारं मुखत्यारपत्र आधी करून ठेवता येतं, आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. खर्च आणि वेळ दोन्ही जातात.

मृत्युपत्राचं वेगळं आहे. वारसा कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे ते करताना माणसाला आपण काय करतोय याची समज हवी. निदान झालं म्हणून त्याच दिवसापासून हक्क जात नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस समजून-उमजून मृत्युपत्र करू शकतो. त्याच सुमाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, शक्य तर नोंदणी करा. बँकेत नामनिर्देशन आणि 'दोघांपैकी कुणीही' पद्धतीचं खातं हे तर निदानाची वाट न बघता आजच करा.

गावशीव
मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमच्या चर्चेत पॅकेज आणि न्यूरॉलॉजिस्ट आहेत, आमच्याकडे काय होतं ते सांगते.

आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या प्राथमिक चाळणीचा सरकारी फॉर्म, भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. एक असा: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे सरसकट चाळणी कागदावर चालूच आहे. पण नातवाचं नाव विसरेपर्यंत आजार किती पुढे गेलेला असतो? आणि हा प्रश्न सुनेच्या समोर, अंगणात, म्हाताऱ्या माणसालाच विचारायचा. "नाही गं बाई" हेच उत्तर येणार. चुकून "हो" आलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं. एक पूर्ण दिवस, एस्टीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. ऊसतोडीच्या हंगामात तर घरी फक्त म्हातारी माणसं उरतात. त्यांच्यात काय बदल झाला हे सांगणारं माणूस सहा-सहा महिने गावातच नसतं.

भाषेचं आणि शाळेचं तर विचारूच नका. एका आजींना तारीख विचारली, सांगता आली नाही. कागदाप्रमाणे गुण गेला. मग म्हणाल्या, "एकादशी होऊन चार दिस झाले, उद्या बाजार." अगदी बरोबर होतं. कधी शाळेत न गेलेल्या बाईला घड्याळाचं चित्र काढायला लावून कसली स्मृती मोजणार?

डॉ_निशिगंध
गावशीव, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. यावर आपल्या देशात काम झालंय. हरियाणात बल्लभगढजवळच्या गावांत नव्वदच्या दशकात एमएमएसई शाळा न शिकलेल्यांसाठी हिंदीत नव्याने बसवली. १०० मधून ७ वजा करत जाण्याऐवजी २० मधून ३. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी 'माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा'. वाक्य लिहिण्याऐवजी तोंडाने सांगायचं. आणि हे सगळं कुणासाठी महत्त्वाचं, तर तुमच्याच भागातल्या लोकांसाठी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

अश्विन_क
जाता जाता, ब्राह्मी घेतल्याने आणि रोज शब्दकोडं सोडवल्याने टळतो ना हा आजार? आमच्या सोसायटीत सगळे सांगतात.

डॉ_निशिगंध
शब्दकोडं आनंदासाठी जरूर सोडवा. ब्राह्मीने टळतो असं मी कुणाला सांगणार नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं आहेत, आणि जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडलेला आहे. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, धूम्रपान, एकटेपणा, कमी शिक्षण, वाढलेलं कोलेस्टेरॉल, दुरुस्त न केलेली दृष्टी, प्रदूषण वगैरे. मोतीबिंदू काढा, कानाचं मशीन लावा, बीपीची गोळी चुकवू नका. 'मशीन लावलं की म्हातारं दिसतं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

टेकडीवरचा
आता तर रक्ताची चाचणी आली आहे आणि नवी औषधंही. मग लवकर शोधण्याला जास्त अर्थ नाही का?

डॉ_निशिगंध
अर्थ वाढतोय, पण बेताने. अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजूर झालेली रक्तचाचणी ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी आणि तज्ज्ञाकडे आहे. मोरपंखींच्या आईसारख्या ठणठणीत बाईसाठी नाही. नव्या औषधांपैकी लेकानेमॅबबद्दल म्हणाल, तर दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली असं सांगतात. प्रत्यक्षात तो फरक १८ गुणांच्या मापावर ०.४५ एवढा होता. शिवाय मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका, आणि वरचेवर एमआरआय. गेलेली स्मृती त्याने परत येत नाही.

मोरपंखी
सगळ्यांचे मनापासून आभार. काजवा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता. पॅकेजमधली ती चाचणी आत्ता घ्यायची नाही असं आम्ही ठरवतोय. बी१२ ची तपासणी मात्र पॅकेजमध्ये वाढवून घेतलीय. कानांचीही तपासणी करायची आहे, कारण टीव्हीचा आवाज वाढत चाललाय. नामनिर्देशनाचं काम कायदेकानूंनी सांगितल्याप्रमाणे आईला सोबत घेऊनच करू. डॉक्टर, एकच विचारते. बदल झाला की नाही हे घरच्या घरी ओळखायचं कसं? आम्ही दोघंही दिवसभर कामावर.

डॉ_निशिगंध
यासाठी घरच्यांना विचारायची आठ प्रश्नांची एक यादी आहे, एडी८ म्हणतात. तिच्यात शाळेचा, चित्राचा, गणिताचा संबंध नाही. गेल्या काही वर्षांत बदल झालाय का, एवढंच विचारतात: निर्णय चुकणं (उदा. पैशाच्या बाबतीत फसणं), आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, तेच तेच बोलणं, नवं यंत्र शिकायला जड जाणं, महिना-वर्ष विसरणं, बिलं आणि बँकेचे व्यवहार न जमणं, ठरलेल्या भेटी विसरणं, आणि विचार-स्मृतीची रोजची अडचण. दोन किंवा जास्त ठिकाणी 'हो, बदल झालाय' असं आलं तर डॉक्टरांकडे न्या. तुलना आईची आईशीच करायची, शेजारच्या काकूंशी नाही. दूधवाल्याचा हिशोब त्या ठेवतात ना? तो बिघडायला लागला तर वर्षाच्या पॅकेजची वाट बघू नका.

गावशीव
ही यादी मी आशाताईंच्या पुढच्या बैठकीत मांडते. सुनेला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारता येण्यासारखे प्रश्न आहेत.

पारिजात_कोल्हापूर
नवीन सदस्य, पहिल्यांदाच लिहितोय, विषयाला धरून आहे का माहीत नाही. मावशी ७८, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवसापासून रात्री बडबडते, आम्हाला ओळखत नाही, दुपारी पुन्हा बरी असते. आधी एकदम चोख होती. नातेवाईक म्हणतात डिमेन्शिया झाला, स्मृतीची चाचणी करून घ्या. करू का?

डॉ_निशिगंध
पारिजात, आत्ता ती चाचणी नको. इतक्या अचानक आलेला आणि दिवसात कमी-जास्त होणारा गोंधळ बहुधा डिलिरियम असतो, आणि त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, वेदना किंवा एखादं औषध असू शकतं. हे आजच्या आज वॉर्डच्या डॉक्टरांना सांगा, 'आधी चोख होती' हे शब्द जरूर वापरा. मावशींचा चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर लावून ठेवा, रात्री ओळखीचं एक माणूस जवळ बसू द्या, दिवसा पडदे उघडे ठेवा. घरी जाऊन नीट सावरल्यावर, काही महिन्यांनी, शंका उरली तरच स्मृती तपासायची. आज काय म्हणाले ते इथे कळवा.

पारिजात_कोल्हापूर
निघालोच आहे हॉस्पिटलला. कळवतो.